पायाभूत ग्रंथ शोधायचा कसा? घोरावाडीजवळच्या लेण्यांचं उदाहरण

पीएचडीच्या पहिल्याच वर्षी गाईड विचारतात, "तुमच्या विषयातलं पायाभूत काम कोणतं?" आपण गूगल स्कॉलर उघडतो आणि सगळ्यात जास्त उद्धृत झालेल्या लेखांची यादी करतो. ही सवय अर्धीच कामाची आहे. का, ते बघू.

लोकलने घोरावाडीला उतरलं की जवळच घोरावडेश्वराचा डोंगर आहे. तिथे शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. पश्चिम भारतातल्या अशा लेण्यांवरचं लेखन तळटीपांमधून मागे मागे वाचत गेलात, की फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या 'द केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया' (१८८०) या ग्रंथापाशी पोचता. जुन्या तळटीपांत नावं संक्षेपात असतात. यंत्राच्या मोजणीतून ती सहज निसटतात.

हा ग्रंथ मोठा का? त्याने विखुरलेली लेणी एका चौकटीत आणली. पण त्याचा भर वास्तूवर आहे. लेणी कोणाच्या दानातून झाली, हा त्याचा मुख्य प्रश्न नाही. दात्यांची नावं शिलालेखांत आहेत, आणि ते बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये संकलित केले. शेलारवाडीच्या एका लेखात धेनुकाकटच्या एका शेतकऱ्याच्या बायकोचं दान नोंदलंय. धेनुकाकटचे दाते कार्ल्यातही भेटतात.

पुढे दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९५५ च्या 'धेनुकाकट' या लेखात आणि नंतरच्या लेखनात हेच दाते आणि व्यापारी वाटा केंद्रस्थानी आणल्या. धेनुकाकट नेमकं कुठे, यावर आजही एकमत नाही. पण प्रश्न बदलला, तो कायमचा.

म्हणजे पायाभूत काम दोन प्रकारचं असतं: एक साधनं देतं, दुसरं प्रश्न देतं. उद्धरणांचा आकडा हा फरक सांगत नाही.

मग करायचं काय? वेगवेगळ्या लेखकांची तीन अलीकडची कामं घ्या. तिन्हींत येणारी जुनी नावं काढा. मूळ ग्रंथ उघडून वाचा. शेवटी, त्याला विरोध कोणी केला ते शोधा.

मी पहिल्या मसुद्यात १८८० चा ग्रंथ न वाचताच उद्धृत केला होता. गाईडनी फक्त एवढंच विचारलं, "पान कितवं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.