कलावंताची कुंडली आणि कलावंताची कला

नामवंत गायकाची किंवा कवीची जन्मकुंडली पुढें मांडावयाची आणि तिच्या आधारें त्याच्या गुणांचा व आयुष्याचा उलगडा करावयाचा, हा प्रघात आपल्याकडे जुना आहे. दिवाळी अंकांतून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून तो अद्यापि चालू आहे. शुक्र बलवान म्हणून कंठ मधुर. चंद्र जलराशींत म्हणून वृत्ति भावुक. शनीची दृष्टि म्हणून बालपण हालअपेष्टांचें. अशी या लेखांची ठरलेली सरणी असते. सुशिक्षित घरांतहि ते आवडीनें वाचले जातात. ज्योतिष हें शास्त्र आहे किंवा नाहीं, हा वाद आज आमच्यापुढें मुख्य नाहीं. कलावंताची कुंडली वाचणें हें एका अर्थीं चरित्रलेखनच होय, आणि त्यानें कलावंत आपल्याला अधिक समजतो काय, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

या प्रकाराचें मराठींतील सर्वांत ठळक उदाहरण मंगेशकरांच्या घरचें आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे बलवंत संगीत मंडळीचे विख्यात गायक-नट. ज्योतिषाचाहि त्यांचा व्यासंग होता. २८ सप्टेंबर १९२९ रोजीं इंदूर येथें जन्मलेल्या आपल्या ज्येष्ठ कन्येस अलौकिक कीर्ति लाभेल, परंतु ती पाहण्यास आपण नसूं, असें भाकीत त्यांनीं केलें होतें, हें लताबाईंनींच पुढें सांगितलें आहे. २४ एप्रिल १९४२ रोजीं पुण्यास दीनानाथांचें देहावसान झालें, तेव्हां लताबाईंना तेरावें वर्ष चालू होतें. भाकिताचे दोन्ही भाग खरे ठरले. कुंडलीवाचकांस याहून भक्कम पुरावा तो कोणता हवा?

परंतु याच घरांतील दुसरी एक हकीकत, तीहि लताबाईंनींच सांगितलेली, या भाकिताच्या शेजारीं ठेवून पाहावी. शिष्यास पुरिया धनाश्री शिकवितां शिकवितां दीनानाथ कांहीं कामानिमित्त उठून गेले. शिष्य चुकत आहे हें त्या लहान मुलीनें ओळखलें आणि बरोबर कसें गावयाचें तें त्यास गाऊन दाखविलें. परतलेल्या वडिलांच्या कानीं तें पडलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं तिला तालमीस बसविलें. मुलीची जन्मवेळ घरांत ठाऊक होती. पत्रिका वाचूं शकणारा पिता घरांतच होता. तरीहि तालीम सुरू झाली ती तिचा सूर कानीं पडल्यानंतर! ज्योतिषी दीनानाथांनीं सांगितली ती कीर्ति. गवई दीनानाथांनीं ओळखली ती कला. कीर्ति ही लोकांकडून मिळावयाची वस्तु आहे. कला ही कलावंताच्या अंगची व त्याच्या मेहनतीची आहे. कुंडलीवाचक या दोहोंची गल्लत करतात, आणि कीर्तीचा योग सांगून कलेचें मर्म सांगितल्याचें समाधान मानतात.

दीनानाथांचीं पांचहि अपत्यें, लता, मीना, आशा, उषा व हृदयनाथ, संगीताच्या क्षेत्रांत आलीं, हेंहि विसरतां येत नाहीं. पांच जन्मवेळा निरनिराळ्या. म्हणून पत्रिका पांच. घर मात्र एक, त्या घरांतील तंबोरा एक, आणि पित्याच्या मृत्यूनंतर अंगावर आलेली विपत्तिहि एकच. पांचांच्या गाण्याचें कारण शोधणाऱ्यानें प्रथम त्या घराकडे पाहावें कीं पांच निरनिराळ्या ग्रहस्थितींकडे, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

दुसरा दोष पद्धतीचा आहे. हे लेख लिहिणाऱ्यास कुंडलीच्या माथ्यावरचें नांव आधींच ठाऊक असतें. लताबाईंची कुंडली म्हटल्यावर तींत कंठमाधुर्याचा योग सांपडणारच. न सांपडला तर दुसऱ्या स्थानावरून, नाहीं तर नवमांशावरून काढतां येतो. नांव झांकलें म्हणजे काय होतें, याची परीक्षा ज्येष्ठ शास्त्रज्ञ जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं महाराष्ट्रांत घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुलें, प्रत्येकीं शंभर, अशा दोनशें पत्रिका जमवून ज्योतिष्यांकडे प्रत्येकीं चाळीस पाठविल्या. सत्तावीस जणांनीं उत्तरें धाडलीं. त्यांच्या बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याहूनहि कमी भरली. एका ज्योतिष-संस्थेनें दोनशेंहि पत्रिका तपासल्या. तिचीं बरोबर उत्तरें १०२. नाणें उडवून निवाडा केला असता तरी याहून फारसें निराळें घडलें नसतें. ज्या पद्धतीस बुद्धीचा एवढा ढोबळ भेद ओळखतां आला नाहीं, तिनें गायनाची वा काव्याची नाजूक जात ओळखावी, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

आतां आमच्या परभणीकडे वळूं. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुळकर्णी, यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजीं तेव्हांच्या परभणी जिल्ह्यांतील सातोना येथें झाला, आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजीं परभणी येथें ते वारले. वय अवघें चाळीस. हैदराबादेस मॅट्रिक होऊन पुढील शिक्षण सोडावें लागलें, आणि सारें आयुष्य निजामाच्या बांधकाम खात्याच्या नोकरींत गेलें. 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह १९४१ चा. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांच्या पश्चात् १९५५ सालीं निघाला. त्यांच्या पत्रिकेचा शोध घेणारा कोणी म्हणेल, शनि वृषभेंत होता म्हणून कष्ट, गुरु स्वगृहीं धनु राशींत होता म्हणून प्रतिभा. पण गुरु एका राशींत सुमारें वर्षभर राहतो, शनि अडीच वर्षें. त्या महिन्यांत गोदाकांठच्या गांवोगांवीं जितकीं मुलें जन्मलीं, त्या सर्वांचा गुरु धनूंत आणि शनि वृषभेंतच होता.

आणि जें पत्रिकेंत नाहीं तेंच त्यांच्या वाङ्मयांत आहे. राजभाषा उर्दू, विद्यापीठाचें माध्यम उर्दू, मराठी प्रकाशनाचीं केंद्रें दूर पुण्या-मुंबईस. जमीनदारी, कचेऱ्या, दबलेलीं गांवें. निजामी मराठवाड्याचें हें जीवन त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतून उतरलें. त्यांच्या हालांचें कारण शनि ठरविला कीं ती राजवट निर्दोष सुटते, आणि तिच्याविषयीं लिहिणारा लेखकहि मुका होतो. परिस्थितीनेंच कवि घडतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. बांधकाम खात्यांत कारकून पुष्कळ होते; बी. रघुनाथ एकच. परिस्थितीलाहि ग्रहासारखी वापरणारा टीकाकार कुंडलीवाल्याच्याच पंक्तीस बसतो. भेद इतकाच कीं, परिस्थिति ही लेखकाचें साहित्य होऊन पुस्तकांत येते व तेथें ती आपणांस तपासतां येते. ग्रह पुस्तकांत येत नाहींत.

याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईंची जन्मतिथि उपलब्ध नाहीं; मग जन्मवेळ कोठून असणार? लहानपणींच नामदेवांच्या घरीं दासी म्हणून गेलेल्या या स्त्रीची पत्रिका कोण मांडणार होतें? तरीहि तिचे अभंग समजून घेतांना आम्हांस कधीं कांहीं उणें पडलें नाहीं. जातें, दळण, शेणी आणि विठ्ठल यांतून ती पुरती उभी राहते.

मनुष्यास थोर गुणांचें नवल वाटतें व त्याचें कारण त्याला आभाळांत शोधावेंसें वाटतें, हें स्वाभाविक आहे. त्यास हंसण्याचें कारण नाहीं. परंतु हे लेख केवळ मनोरंजनापुरते राहत नाहींत. मुलीच्या पत्रिकेंत 'संगीतयोग' आहे काय, हें विचारून मगच तिला गाण्याच्या वर्गास घालणारे आईबाप आजहि आहेत. आणि योग नाहीं असें उत्तर मिळालें तर त्या मुलीचा सूर कोणी ऐकतहि नाहीं. ज्योतिष जाणणाऱ्या दीनानाथांनीं आपल्या मुलीस तालमीस बसविलें तें तिचें गाणें ऐकून. त्यांच्या भाकिताचा दाखला देणाऱ्यांनीं हाहि दाखला लक्षांत ठेवावा, आणि आपल्या घरांतील मूल गात असेल तर आधीं तें ऐकावें.