उसने ठिपके

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकलेचं नाव काढलं की डोळ्यांसमोर ठिपके येतात. ही ओळख तशी ताजी. वाळवंटातल्या पापुन्या वस्तीत १९७१ मध्ये जाणत्या पुरुषांनी विधींतल्या आकृत्या फळ्यांवर रंगवायला घेतल्या आणि पुढे बाजाराने तीच शैली साऱ्या खंडाच्या नावावर खपवली. पण ज्यांच्या आई-आज्यांना सरकारने नाहीतर मिशनने घरादारापासून तोडलं, ज्यांना स्वतःचं मूळच उशिरा कळलं, त्यांनी काय रंगवायचं?

गॉर्डन बेनेटने (१९५५–२०१४) या प्रश्नाला सोपं उत्तर दिलं नाही. तो क्वीन्सलंडचा. आई आदिवासी, मिशनमध्ये वाढलेली. मुलाला हे समजलं ते शाळकरी वयात. तोवर गोऱ्यांचा इतिहास तो आपला म्हणूनच शिकत होता. टेलिफोन खात्यात नोकरी करून तिशीत त्याने कलाशाळा गाठली. १९८८ मध्ये देश गोऱ्या वसाहतीची द्विशताब्दी साजरी करत असताना त्याने ‘आउटसायडर’ रंगवलं: व्हॅन गॉगच्या खोलीत उभा शिर नसलेला काळा देह, मानेतून आकाशाकडे उसळणारं रक्त. चित्र हादरवतं, पण थोडं ओरडून बोलतं.

‘पझेशन आयलंड’ (१९९१) मला कितीतरी वरचं वाटतं. कॅप्टन कुकने १७७० मध्ये भूमी ताब्यात घेतल्याचं जुनं छापील चित्र बेनेटने उचललं आणि त्यावर पोलॉकसारखे रंगाचे ओघळ सोडले, वाळवंटी ठिपके पेरले. मूळ चित्रात पेयांचा ट्रे घेऊन उभा असलेला काळा नोकर सहज नजरेआड होतो. इथे आपण त्यालाच शोधत राहतो. ठिपके आपले नाहीत, हे बेनेट पक्कं जाणून होता, म्हणूनच ते त्याच्या हातात सजावट न राहता उलटतपासणी झाले. गोरा चित्रकार इमांट्स टिलर्स याने पापुन्याचा चित्रकार मायकल नेल्सन जगमारा याच्या चित्रातून परवानगीविना आकृत्या उचलल्या, तेव्हा ‘द नाइन रिकोशे’ (१९९०) हे बेनेटचं उत्तर होतं. नंतरच्या ‘नोट्स टू बास्किया’ मालिकेत मात्र न्यूयॉर्कच्या त्या चित्रकाराची ढब फार दिसते. ‘आदिवासी चित्रकार’ ही पाटी तो नाकारत राहिला. ‘जॉन सिटिझन’ या नावानेही त्याने चित्रं काढली.

सॅली मॉर्गनने ‘माय प्लेस’ (१९८७) या पुस्तकात आपल्या घराण्याचं दडलेलं आदिवासी मूळ खणून काढलं. तिची झगझगीत रंगांची चित्रं लोभस आहेत, पण पुस्तकातली ठसठस त्यांत क्वचितच उतरते.

ज्युडी वॉटसनची वाट निराळी. १९९० मध्ये ती आपल्या वान्यी जमातीच्या आजीच्या मुलखात गेली. पुढे चौकटीवर न ताणलेल्या कॅनव्हासवर रंगद्रव्यं मुरवत, डाग पसरू देत तिने त्या भूमीला रूप दिलं. १९९७ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत एमिली कामे कन्ग्वारे आणि इव्हॉन कूलमात्री या आदिवासी कलावंतांसोबत ती देशाची प्रतिनिधी होती. ब्रिटिश संग्रहालयांत जमा झालेल्या आदिवासी वस्तू पाहून तिने त्याच वर्षी ‘अवर बोन्स इन युअर कलेक्शन्स’ (आमची हाडं तुमच्या संग्रहांत) ही मुद्राचित्रं केली. तिच्या मृदू दिसणाऱ्या चित्रांची शीर्षकं अशी बोचरी असतात, आणि तिची अडचणही तिथेच आहे: शीर्षक न वाचणारा प्रेक्षक सुंदर निळाई पाहून पुढे सरकू शकतो. आदिवासींच्या हत्याकांडांच्या जागा नकाशावर मांडणाऱ्या ‘द नेम्स ऑफ प्लेसेस’मध्ये तिने ही पळवाट ठेवलेली नाही. तिथे जागांची नावं वाचावीच लागतात.