करवीरमाहात्म्य आणि तिथिवारांची साक्ष

करवीरक्षेत्राविषयी मराठीत आजवर ज्या लहानमोठ्या स्थलपुस्तिका निघाल्या, त्यांपैकी बऱ्याचशा आम्ही नुकत्याच एकत्र वाचल्या. लेखकांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप त्यांच्या पद्धतीवर आहे. देवीने कोल्हासुराचा वध केला ही माहात्म्यातील कथा, राष्ट्रकूट राजाच्या ताम्रपटातील उल्लेख आणि अठराव्या शतकातील एका उपासकाचे स्वप्न, ही तिन्ही एकाच ओळीत व एकाच स्वरात 'इतिहास सांगतो' म्हणून येतात. उलट पक्षी, माहात्म्य म्हणजे निव्वळ भाकडकथा, असे म्हणून ते मिटून ठेवणारा दुसरा वर्ग आहे. त्यानेही ग्रंथ वाचण्याचे कष्ट घेतल्याचे दिसत नाही.

वस्तुतः हा विवेक आपल्याकडे नवा नव्हे. मीमांसकांनी स्तुतिपर वाक्यांना अर्थवाद म्हटले आणि त्यांचे तीन प्रकार केले. अन्य प्रमाणाशी विरोध येतो तेथे गुणवाद. अन्य प्रमाणाने आधीच सिद्ध झालेले सांगितले असेल तेथे अनुवाद. विरोधही नाही आणि दुजोराही नाही तेथे भूतार्थवाद. वेदावर परम श्रद्धा असलेल्या शास्त्रकारांनी वेदवाक्यांना लावलेली ही कसोटी स्थलपुराणास लावल्याने देवीचा अधिक्षेप होतो, असे कोण म्हणेल?

नगराच्या नावाचेच पाहा. कोल्हासुराने मरतेवेळी मागितलेल्या वराने या स्थळास कोल्हापूर हे नाव पडले, असे माहात्म्य सांगते. ललितापंचमीस त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडतात तो त्या वधाच्या स्मरणार्थ. परंतु शिलाहारांच्या लेखांत नगराचे नाव 'कोल्लापूर' असे येते आणि शके १०६५ च्या जैन दानलेखात 'क्षुल्लकपूर' असेही येते. लेखांतील ही रूपे असुराकडे बोट दाखवीत नाहीत. तेव्हा नावाची उपपत्ती गुणवादात जाते. कोहळ्याचा विधी मात्र जिवंत परंपरा आहे. तिला या व्युत्पत्तीच्या आधाराची गरज नाही.

ताम्रपटाचा प्रकार अधिक नाजूक आहे. संजाण येथे सापडलेल्या शके ७९३ च्या ताम्रपटात, लोकांवरील अरिष्ट टळावे म्हणून अमोघवर्षाने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीस अर्पण केले, असे वर्णन आहे. पुस्तिकाकार येथे बेधडक 'कोल्हापूरच्या महालक्ष्मीस' असे लिहितात. ताम्रपटात महालक्ष्मी आहे, कोल्हापूर नाही. अनुमान संभवनीय आहे, कित्येक विद्वानांनी ते केलेही आहे. पण अनुमान ते अनुमान. (संजाणपासून फार दूर नसलेल्या डहाणूच्या महालक्ष्मीचे भक्त उद्या हाच ताम्रपट पुढे करतील, तर त्यांना काय उत्तर द्यावयाचे? सापडण्याचे ठिकाण हा पुरावा नव्हे, एवढेच. आणि ते उत्तर आपल्यालाही लागू पडते.) येथील शिलाहार राजे स्वतःस महालक्ष्मीच्या वरप्रसादाने अनुगृहीत म्हणवीत, हा निःसंदिग्ध पुरावा हाताशी असता संशयित साक्षीदार उभा करण्याचे प्रयोजन नव्हते. अध्यापनाच्या काळात आम्ही अनेकदा पाहिले, की एक साक्ष खोटी ठरली म्हणजे विद्यार्थी उरलेल्या नऊ खऱ्याही टाकून देतो.

आता स्वप्नाची गोष्ट. मुसलमानी अमलात मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपविली होती. पुढे नरहरभट सावगावकर यांस दृष्टान्त झाला, त्यांनी तो पन्हाळ्यास संभाजीराजांच्या कानी घातला आणि राजाज्ञेने सिधोजी घोरपडे यांनी सोमवार, २६ सप्टेंबर १७१५, विजयादशमी या दिवशी मूर्तीची पुनःस्थापना केली, असे सांगतात. सोमवार, २६ सप्टेंबर आणि दशमी ही तीन अंगे आम्ही गणिताने ताडून पाहिली. आज चालणाऱ्या नव्या इंग्रजी गणनेने त्या वर्षीच्या २६ सप्टेंबरास गुरुवार येतो आणि चंद्र अमावास्येच्या उंबरठ्यावर असतो; दशमीचा मागमूस नाही. एखादा घाईचा टीकाकार येथेच कथा बनावट ठरवून मोकळा होईल. परंतु इंग्रजांनी नवी गणना १७५२ मध्ये स्वीकारली. तारीख जुन्या गणनेची धरली, म्हणजे नव्या गणनेची ७ ऑक्टोबर, तर सोमवारही येतो आणि आश्विन शुद्ध दशमीही येते. तिन्ही अंगे अशी एकमेकांत बसतात, याचा अर्थ दिवसाची आठवण कोणीतरी काळजीपूर्वक राखली.

येथवर अनुवाद. स्वप्न मात्र पंचांगाने ताडता येत नाही. त्यास विरोधी प्रमाण नाही, दुजोराही नाही. मीमांसक त्यास भूतार्थवाद म्हणून स्वीकारील. संशोधकाची वाट येथे वेगळी होते. 'दृष्टान्त झाला असे सांगितले जाते' एवढेच त्याने लिहावे. भक्ताने तो खरा मानावा. त्यास आमची हरकत नाही आणि आमची संमतीही त्यास नको आहे. तिथी जुळली म्हणून स्वप्न सिद्ध झाले, असे जे एका पुस्तिकेत सुचविले आहे, ते मात्र अग्राह्य होय.

किरणोत्सवाविषयी थोडक्यात. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून देवीपर्यंत येतात. हे दोन काळ दक्षिणायनान्ताच्या अलीकडे व पलीकडे सुमारे सहा आठवड्यांवर पडतात. दोन्ही वेळी सूर्य पश्चिमबिंदूच्या दक्षिणेस सुमारे १८ अंशांवर मावळतो. यास चमत्कार म्हणणारे त्या अज्ञात स्थपतीचे श्रेय हिरावून घेतात. वाटेत बांधकाम उभे राहिले की किरण अडतो, हेही येथील लोक जाणतात.

खरे काम अजून पुढे आहे. संस्कृत माहात्म्याच्या पोथ्या गावातील घराघरांतून आहेत आणि त्यांतील पाठ सर्वत्र सारखे नाहीत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, ते ज्ञानदेवांवरील निष्ठेपोटीच. त्याच रीतीने कोणता अध्याय जुना आणि कोणता मागाहून जोडलेला, हे पोथ्या शेजारी ठेवूनच ठरविता येईल. ज्यांच्या संग्रही अशी पोथी असेल त्यांनी ती मंडळाकडे केवळ नकलेपुरती द्यावी; लेखनशक व लेखकाचे नाव असलेले शेवटचे पान असल्यास ते अवश्य दाखवावे.