गाळलेली शिडी

परीक्षणासाठी माणसाकडे सहसा कवितासंग्रह येतात. आमच्याकडे आली ती एका बोट कंपनीची चाळीस पानी माहितीपुस्तिका. कागद गुळगुळीत, छपाई सुबक, लेखकाचं नाव नाही. किंमतही नाही, कारण ती तिकिटात वसूल होते. बँकेतला माणूस कुठलाही छापील कागद सहीच्या जागेपर्यंत वाचतो. त्या सवयीने मी ही पुस्तिका शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचली. असा वाचक भल्याभल्या लेखकांना लाभत नाही.

आधी गुण सांगतो. भाषा प्रसन्न आहे. 'अविस्मरणीय' हा शब्द अकरा वेळा आला आहे, त्यामुळे तो विसरणं खरोखरच शक्य नाही. समुद्र इतका निळा आहे की शाई सांडल्याचा संशय यावा. पात्रचित्रण मात्र कच्चं. सगळी पात्रं तिशीच्या आतली, पांढरी विजार घातलेली आणि विनाकारण हसणारी. सतराव्या पानावर एक म्हातारं जोडपं आहे, पण तेही काठीशिवाय कठड्याला रेलून उभं! अख्ख्या ग्रंथात एकाचाही गुडघा दुखत नाही.

खरा दोष कथानकात आहे. सहाव्या पानावर प्रवासी धक्क्यावर उभे आहेत आणि सातव्या पानावर पोहण्याच्या तलावात. मधे काय घडलं? लेखक गप्प. कादंबरीत अशी उडी चालते. माझ्या आत्याला ती झेपणारी नव्हती.

आत्या एकोणऐंशीची. दोन्ही गुडघे आणि डावा खुबा कामातून गेलेले. काठी घेऊन दहा पावलं, पुढे व्हीलचेअर. म्युनिसिपालिटीच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. 'एकदा बोटीने गोव्याला जायचं' ही तिची जुनी इच्छा, म्हणून मुंबईच्या धक्क्यावर आम्ही दोघं हजर झालो.

आता बघा, धक्का असतो जागच्या जागी आणि बोट असते पाण्यावर. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला पाणी कधीकधी चार मीटरांहूनही अधिक चढतं-उतरतं. म्हणजे सकाळी सपाट दिसणारी शिडी दुपारी डोंगर होऊ शकते. व्हीलचेअरच्या उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा : एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. आत्याने खुर्चीतूनच तोंडी हिशेब घेतला.

"दरवाजा किती उंच असेल रे?"

"आठेक फूट."

"बाराने गुण."

"शहाण्णव."

"आणि ही फळी?"

"फार तर चाळीस."

"मग याला उतार नाही म्हणत, घसरगुंडी म्हणतात."

तेवढ्यात गणवेशातले एक गृहस्थ आले आणि आत्याच्या डोक्यावरून मला म्हणाले, "ह्या चालू शकतात का?" आत्या म्हणाली, "मला विचारा. माझे पाय गेलेत, कान शाबूत आहेत." गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं आणि वॉकीटॉकीत वर्दी दिली, "एक व्हीलचेअर येतेय." पस्तीस वर्षं ज्या बाईच्या नुसत्या चाहुलीने वर्ग चिडीचूप व्हायचा, ती एका क्षणात खुर्चीबरोबर येणारं सामान झाली. आत्याचा चेहरा मी पाहिला. गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखलं होतं.

मग मालवणकडचा एक पोरगेला खलाशी पुढे आला. तो आधी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजी, मागून धरू ना? की आधी दम खायचाय?" एकाने मागून ढकललं, दुसऱ्याने पुढून सावरलं, आणि आत्या वर पोचली. संपूर्ण प्रवासात छापण्याजोगं वाक्य तेवढं एकच होतं, आणि तेच पुस्तिकेत नाही.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे 2016 सालचा दिव्यांग हक्क कायदा आहे. वाहतुकीची सगळी साधनं सुलभ असावीत असं तो सांगतो. मात्र जिथे तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि आर्थिकदृष्ट्या परवडेल तिथे. बँकेत अशा अटींवर कर्ज मंजूर झालं की ते कुणालाच मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितलं, की बोटीवर झेंडा परदेशी असला तरी अमेरिकेच्या पाण्यात तिला तिथला अपंगांसाठीचा कायदा लागू होतो. तिथेही मर्यादा आहेतच, पण निदान झेंड्याआड लपता येत नाही.

गाळलेलं आणखीही बरंच आहे. न्हाणीघराचा उंबरठा आणि दाराची रुंदी यांबद्दल अक्षर नाही. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या जिलिओ बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली. त्यानंतर बदललेल्या नियमाप्रमाणे 2015 पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताच प्रवाशांना संकटाची कवायत करावी लागते. खऱ्या संकटात लिफ्ट वापरायची नसते. मग आठव्या मजल्यावरच्या आत्यांनी काय करायचं? काही बंदरांत बोट दूर नांगरते आणि छोट्या होडीतून किनारा गाठावा लागतो. तिथे पाऊल टाकता येत नसेल त्याला बोटीवरच बसवून ठेवू शकतात. कोकणच्या आगबोटींच्या काळातही पडावात उतरावं लागे, आणि म्हाताऱ्यांना सरळ उचलून घेत. ती काही सोय नव्हती. पण पडाव आहे हे कुणी लपवलेलंही नव्हतं.

दुसऱ्या आवृत्तीसाठी लेखकाला नम्र सूचना : तलावाचं एक चित्र कमी करा आणि त्या जागी एवढंच छापा. शिडी किती लांब, दरवाजा किती उंच, कुठल्या वेळी चढणं सोपं, न्हाणीघराचं दार किती सेंटिमीटर, होडी कुठे लागते, आणि मदत हवी तर फोन कुणाला करायचा. त्याखाली एक ओळ कर्मचाऱ्यांसाठी : प्रश्न खुर्चीतल्या माणसाला विचारावा.

आत्याने परतीच्या वाटेवर पुस्तिका मागून घेतली आणि सवयीने शेवटच्या पानावर लाल पेनने शेरा मारला. परीक्षण म्हणून तोच पुरे होता : "अक्षर छान. उत्तर दिले आहे, रीत गाळली आहे. दहापैकी चार."