‘क्रायटेरिया’ : एक की अनेक?

माझ्या मेथडॉलॉजीच्या प्रकरणात मॅडमनी एका शब्दाला गोल केला आणि शेजारी एवढंच लिहिलं, ‘किती?’ शब्द होता ‘क्रायटेरिया’. वाक्य होतं ‘द सिलेक्शन क्रायटेरिया वॉज’ आणि पुढे तीन अटी : गावात ५ वर्षं वास्तव्य, स्वतःच्या नावावर जमीन, बचत गटाचं सभासदत्व.

व्याकरणाची चूक असणार, म्हणून ‘वॉज’चं ‘वेअर’ केलं. कागद परत आला. प्रश्न तोच. तिन्ही अटी एकदम हव्यात, की कुठलीही एक चालेल? मी गप्प.

मूळ शब्द ग्रीक. क्रिनेइन म्हणजे वेगळं करणं, निवाडा करणं. त्यावरून निवाड्याचं साधन ते क्रिटेरिऑन. क्रिटिक आणि क्रायसिस याच कुळातले. इंग्रजीने शब्दासोबत ग्रीक अनेकवचनही उचललं : एक क्रायटेरियन, अनेक क्रायटेरिया. फिनॉमिनन-फिनॉमिनाचं तसंच.

आपण घसरतो त्याला कारण आहे. आकारान्त शब्द आपल्या कानाला घोडा, आंबा असा एकवचनीच वाटतो. (म्हणून तर ‘क्रायटेरियाज’ ऐकू येतं!) शिवाय आपला ‘निकष’, म्हणजे मुळात सोनं कसायचा दगड, दोन्ही वचनांत तसाच राहतो. ‘हा निकष’ की ‘हे निकष’, यावरून संख्या कळते. इंग्रजीत शब्दाचं रूपही बदलतं आणि त्याला जुळणारं क्रियापदही, आणि आपण नेमकं तिथेच चुकतो.

भाषा बिघडली म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. ‘अजेंडा’ लॅटिनमध्ये अनेकवचन. आज इंग्रजीत बिनदिक्कत एकवचन. ‘डेटा इज’ही आता सर्रास चालतं, चालू दे. पण डेटा हा ढीग आहे, तो कुणी एक-दोन असा मोजत नाही. निकष मोजावेच लागतात. तुमचा अभ्यास उद्या दुसऱ्या कुणाला पुन्हा करायचा झाला, तर माणसं निवडायची कशी हे त्याला त्या एका वाक्यातूनच कळणार ना? व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर ‘वेअर’ करून देतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम. उलट, गोंधळ आणखी झाकला जातो.

शेवटी मी लिहिलं : ‘पुढील तिन्ही निकष पूर्ण करणाऱ्या स्त्रिया.’ मग मुलाखतींची वही उघडली. त्यातल्या ९ बायकांच्या नावावर जमीनच नव्हती. त्या मुलाखती बाजूला ठेवल्या आणि पुन्हा गावी जायची तारीख ठरवली.