चेंडू कोणी मारला?

१२ जून २०१४ रोजी ब्राझीलमधील साओ पावलो येथे विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे उद्घाटन झाले. मज्जारज्जूला इजा होऊन पायांतील शक्ती गमावलेला ज्युलियानो पिंटो हा तरुण मैदानाच्या कडेला एका यंत्रचलित बाह्यसांगाड्यात उभा होता. त्याने चेंडूला पाय लावला. दूरदर्शनवर हे दृश्य जेमतेम काही सेकंद दिसले. ‘नुसत्या विचाराने पाय हलला’ असे त्याचे वर्णन झाले, आणि आम्हीही आमच्या व्याख्यानांत ते वापरू लागलो. पुढे एका शाळेत सातवीतल्या मुलीने विचारले, “माझे बाबा विहिरीच्या कामावर पडले. ते यानं कधी चालतील?” तेव्हा आमचे वर्णन किती उथळ होते ते आम्हांला कळले.

चेंडू नक्की कोणी मारला? डोक्यावरील टोपीतले इलेक्ट्रोड मेंदूच्या विद्युतलहरी टिपत. त्यांतून संगणक ‘चाल’, ‘थांब’, ‘मार’ एवढाच हेतू ओळखी. गुडघा किती वाकवायचा, तोल कसा सांभाळायचा, हे यंत्र ठरवी. म्हणजे आज्ञा माणसाची आणि पाऊल यंत्राचे. मज्जारज्जूतील तुटलेला मार्ग त्या क्षणी जोडला गेलेला नव्हता.

या प्रकल्पाचे प्रमुख मिगेल निकोलेलिस व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली ८ रुग्णांवरील १२ महिन्यांच्या प्रशिक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इजा होऊन ३ ते १३ वर्षे लोटली होती, तरी इजेखालच्या भागात काही संवेदना व काही स्नायूंवरील ताबा परत आला. निम्म्या रुग्णांचे निदान ‘पूर्ण’ऐवजी ‘अपूर्ण’ पक्षाघात असे बदलले. इतक्या वर्षांनी आपोआप सुधारणा होणे विरळाच, म्हणून हा निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही. पण या प्रशिक्षणात आभासी दृश्ये, हातावर दिलेला स्पर्शाचा प्रतिसाद, यंत्राच्या आधाराने चालणे असे बरेच काही एकत्र होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मग गुण कशाचा? खत, पाणी आणि ऊन एकदम वाढवले, तर रोप कशाने वाढले हे आपण सांगू शकत नाही, तसेच हे.

दुसरा मुद्दा उपयोगाचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १५ अभ्यासांतील ८४ जणांचा बाह्यसांगाड्यातील सरासरी वेग सेकंदाला ०.२६ मीटर आढळला. शाळेच्या व्हरांड्यात १० मीटर अंतर आखून विद्यार्थ्यांना ते ३८ सेकंदांत चालायला सांगावे. शिवाय बहुतेक सांगाड्यांबरोबर कुबड्या लागतात, म्हणजे हातही अडकतात. उभे राहण्याचे, डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याचे समाधान मोठे आहे. व्यायाम म्हणूनही या यंत्राला स्थान आहे. पण रोजच्या हिंडण्याफिरण्यासाठी चाकाची खुर्ची आजही अधिक वेगवान आणि स्वस्त आहे.

आज तोच प्रश्न आला, तर आम्ही म्हणू : “या यंत्रात बसवले तर बाबा कदाचित काही पावले टाकू शकतील, त्यांचे स्वतःचे पाय मात्र त्याने बरे होतील असे अजून सिद्ध झालेले नाही.” आणि मग शिक्षकांना विचारू : पालकसभेला ते खुर्चीवरून आले, तर शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार आहे का?