पायाखालची माणसे

१९९१ सालच्या ‘गंडम एफ-९१’ या चित्रपटात सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. अंतराळातल्या वसाहतीवर हल्ला झाला आहे, रस्त्यात पळापळ चालली आहे. वर एक महाकाय यंत्रमानव गोळीबार करतो आहे. त्याच्या तोफेतून उडालेले रिकामे काडतूस खाली येते आणि तान्ह्या बाळाला उराशी धरून पळणाऱ्या बाईच्या डोक्यात बसते. ती जागच्या जागी कोसळते. तिच्यावर कोणी नेम धरलेला नव्हता. तोफ जे टाकून देते, त्यानेच तिचा जीव घेतला.

जपानी ॲनिमेतल्या या यंत्रमानवांना चाहते ‘मेका’ म्हणतात. त्यांच्यावर वाद रंगतो तो बहुतेक वेळा ‘असे यंत्र खरोखर बनेल का’ यावर. त्याचे उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. १९७९च्या ‘मोबाइल सूट गंडम’मधला गंडम १८ मीटर उंच आणि ४३.४ टन वजनाचा, म्हणजे उंचीने माणसाच्या दहापट. उंची दहापट झाली की पायाचा छेद शंभरपट होतो, वजन मात्र हजारपट. सत्तर किलोचा माणूस त्या मापाला वाढवला तर सत्तर टन भरेल. धातूचा गंडम त्याहूनही हलका! दिलेले आकडे खरे धरले तर तो पाण्यावर तरंगेल. चालताना आपले शरीर दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर वरखाली होते. तसाच चालला तर गंडमच्या पोटात बसलेला चालक दर पावलाला अर्धा मीटर वरखाली होईल. यंत्र अडखळून पडले, तर तो दहा मीटरवरून ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळेल. योकोहामाच्या बंदरात डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात खऱ्या मापाचा हलता गंडम लोकांनी पाहिला. तो गुडघे वाकवत असे, हात उचलत असे. पण त्याचा सगळा भार कमरेमागच्या आधाराने पेललेला होता.

तेव्हा हे शस्त्र व्यवहार्य नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. मला या कलेची कसोटी वेगळी वाटते. अशक्य शस्त्र कल्पिल्यावर त्याची किंमत कोण मोजतो, हे ती दाखवते की नाही?

अगदी आरंभी हे भान होते. मित्सुतेरू योकोयामांच्या १९५६च्या चित्रकथेतला ‘तेत्सुजिन २८’ हा युद्धकाळातल्या जपानी लष्कराच्या गुप्त योजनेतून आलेला. त्याला ना मन, ना विवेक. दूरनियंत्रक ज्याच्या हाती, त्याचा तो गुलाम. चांगल्या मुलाच्या हातात तो रक्षक आणि चोराच्या हातात संकट. १९७२च्या गो नागाईंच्या ‘माझिंगर झेड’ने चालकाला यंत्राच्या डोक्यात बसवले, सुटून उडणारी मूठ आणि छातीतून निघणारा जाळ दिला. मुलांना ते बेहद्द आवडले, पण धोका मागे पडला. तो परत आणला योशियुकी तोमिनो यांनी. १९७७च्या ‘झांबोट ३’मध्ये लढाईत घरे गेलेले लोक शत्रूला सोडून नायकाच्या कुटुंबावरच उलटतात, कारण लढाई त्यांच्यामुळे आपल्या दारात आली असे त्यांना वाटते. लहान मुलांच्या कार्यक्रमात हे दाखवायला धैर्य लागते.

चालकाला असलेला धोका सर्वांत रोखठोक मांडला तो रियोसुके ताकाहाशी यांच्या ‘व्होटम्स’ने (१९८३). तिथले यंत्र जेमतेम चार मीटरचे, पातळ पत्र्याचे. त्याचे स्नायू ज्या द्रवावर चालतात तो पेट घेणारा. सैनिकाला त्यात बसवतात, यंत्र जळले की दुसरे आणतात आणि दुसरा सैनिकही. १९९५च्या ‘इव्हँजेलिअन’मध्ये वीजवाहक तार तुटली की यंत्राकडे पाच मिनिटे उरतात, आणि एका तोफेच्या एका नेमासाठी साऱ्या जपानची वीज, १८ कोटी किलोवॅट, ओढून घेतली जाते. देशभर दिवे विझत जातात, तेव्हा त्या गोळीची किंमत प्रेक्षकाला अंकगणिताशिवाय कळते.

माझे सर्वांत जास्त प्रेम ‘पॅटलेबर’वर आहे. आठ मीटरचे पोलिसी यंत्र, त्याच्या पायात दडवलेले ३७ मिलिमीटरचे रिव्हॉल्व्हर, आणि सतत प्रश्न एकच: भर वस्तीत ते काढायचे का? ओता नावाच्या शिपायाचे बोट चापावर शिवशिवते आणि वरिष्ठांची झोप उडते. १९८९च्या मामोरू ओशिई दिग्दर्शित चित्रपटात बांधकामावरची यंत्रे बेभान होतात, ती आज्ञावलीत मुद्दाम पेरलेल्या विषाणूमुळे. उंच इमारतींतून घोंघावणाऱ्या वाऱ्याचा खर्जातला नाद त्याला चालना देतो. शत्रू कुठे दिसतच नाही. आजच्या आपल्या जगाच्या इतका जवळचा मेकापट मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यानंतरच्या बऱ्याच मालिकांत चित्रण देखणे झाले आणि शहरे रिकामी झाली. इमारत कोसळते, पण आत कोणी नसते. धोक्याचा भोंगा वाजला की माणसे गायब. हे मला खुपते. २०२१च्या ‘हॅथवे’ या गंडमपटाने मात्र कॅमेरा जमिनीवर आणला. दावाओ शहरातली रात्र, वर दोन यंत्रे झुंजताहेत, त्यांच्या किरणांनी वितळलेल्या धातूच्या ठिणग्यांचा पाऊस पडतो आहे आणि खाली एक तरुण, एक मुलगी वाट फुटेल तिकडे धावताहेत. जानेवारी २०२३मध्ये ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ने याहून भेदक काम केले. नायिका सुलेत्ता मैत्रिणीला वाचवण्यासाठी यंत्राचा तळहात खाली आणते आणि बंदूक रोखलेला माणूस चिरडला जातो. मग ती हसत खाली उतरते, रक्तात पाय घसरतो, उठून तोच माखलेला हात मैत्रिणीपुढे करते. किरण नाहीत, तोफ नाही. उघडा पंजा पुरतो. इतकी वर्षे ज्या पंजाला आपण रक्षणकर्ता मानले, त्याचे वजन त्या क्षणी कळते.

नव्याने या कलेकडे वळणाऱ्याने आधी ‘पॅटलेबर’चा तो १९८९चा चित्रपट पाहावा, मग ‘हॅथवे’. आणि दोन्ही पाहताना नजर यंत्राच्या चेहऱ्यावर न ठेवता त्याच्या पावलांपाशी ठेवावी.